दत्तक किंवा फॉस्टर घेताय? बारसं, गोत्र, नवस आणि 'किती पुण्याचं काम केलंत' याचं काय करायचं (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

कागदपत्रांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल. पण बारशाला गुरुजींना काय सांगायचं, लिफ्टमध्ये शेजारच्या काकू "केवढं पुण्य लागेल तुम्हाला" म्हणाल्या की काय बोलायचं, कुलदैवताला कधी न्यायचं, हे कोणी सांगत नाही आणि खरी दमछाक तिथेच होते. आम्ही ठाण्याचे, लेक दत्तक, आता शाळेत जाते. कोणाच्या ना कोणाच्या ओळखीतून नवीन जोडप्यांचे फोन येत असतात, त्यांच्याशी जे बोलते तेच इथे क्रमाने लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, सगळ्या लेखात तीच येणारे: आभार मानायचे असतील तर ते मोठ्यांनी मानायचे, मुलावर आभाराचं ओझं ठेवायचं नाही. देवधर्म हवा तेवढा करा, पण या एका चाळणीतून गाळून करा.

पायरी १: आपण नक्की कुठल्या रांगेत आहोत ते बघा

दत्तक आणि फॉस्टर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक सर्रास मिसळतात. दत्तक म्हणजे मूल कायद्याने पूर्णपणे तुमचं, नाव, वारसा, सगळं. फॉस्टर म्हणजे बाल कल्याण समितीने मूल तुमच्याकडे सांभाळायला दिलंय, त्याचे जन्मदाते असू शकतात, भेटायला येऊ शकतात, आणि मूल परत जाऊही शकतं. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे साधारण सहा वर्षांच्या पुढची मुलं फॉस्टरला देतात, ३५ ते ६० वयाची एकटी व्यक्तीही घेऊ शकते, फक्त एकट्या पुरुषाला मुलगी देत नाहीत. आणि दोन वर्षं मूल तुमच्याकडे राहिलं तर पुढे दत्तकाचा मार्ग उघडतो, आधी ही अट पाच वर्षांची होती.

दत्तकासाठी काराच्या (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) पोर्टलवर रजिस्टर करायचं, मग होम स्टडी, म्हणजे समाजसेविका घरी येऊन घर आणि घरची माणसं बघतात, तो रिपोर्ट तीन वर्षं चालतो, मग वाट. लहान तान्हं बाळ हवं असेल तर तीन वर्षं, त्याहून जास्तही धरून चाला. मुलाची माहिती आली की रिझर्व्ह करायला ४८ तास असतात, त्यामुळे तो काळ जवळ आला की मोबाईल सायलेंटवर ठेवायचा नाही एवढं लक्षात ठेवा.

नवी मुंबईवाल्यांसाठी एक खास गोष्ट. ऐरोली-वाशी-नेरूळ-बेलापूर हा ठाणे जिल्हा, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये, म्हणजे तुमचं जिल्ह्याचं मुख्यालय अलिबाग. फॉस्टरचं काम जिल्हा बाल संरक्षण कक्षातून चालतं, तर आधी आपला जिल्हा कुठला ते बघून घ्या, उगाच ठाण्याच्या कोर्ट नाक्याला हेलपाटा नको. आणि दत्तकाचा आदेश आता कोर्ट देत नाही, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात, आणि तोही मूल ज्या संस्थेत आहे ती संस्था ज्या जिल्ह्यात असेल तिथले. म्हणजे तुम्ही घणसोलीत राहता आणि बाळ नांदेडच्या संस्थेत असेल तर नांदेडचे जिल्हाधिकारी.

"अमुक हॉस्पिटलमध्ये एक बाळ आहे, थेट घेऊन टाका, देवानेच पाठवलंय" असा फोन आला तर नाही म्हणा. तो गुन्हा आहे, देवाचं नाव घेतल्याने त्याचा प्रसाद होत नाही.

पायरी २: वाट बघताना, नवस आणि घरातले मोठे

वाट बघण्याच्या काळात माणसं नवस बोलतात. बोला. कार्ल्याच्या एकवीरेला चालत जाईन, सोमवार धरीन, कोपिनेश्वराला अभिषेक करीन, ज्याला जे आधार देतं ते करावं, मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. फक्त नवस असा बोला की फेडणारे तुम्हीच असाल. "मूल आलं की त्याचं जावळ अमक्या ठिकाणीच" किंवा "दरवर्षी त्याला घेऊन पायी येईन" असलं काही नको, कारण ते पोर बारा वर्षांचं झाल्यावर म्हणेल मी का चालू, आणि त्याचं बरोबर असेल. ते कुठल्याही व्यवहारात सामील नव्हतं.

हा काळ घरातल्या मोठ्यांसाठी वापरा. होम स्टडीला येणाऱ्या ताई सासू-सासऱ्यांशी, घरात दुसरं मूल असेल तर त्याच्याशीही बोलतात, त्यामुळे आजी-आजोबांच्या मनात काय आहे ते आधी तुम्हाला माहीत असलेलं बरं. "कुठलं रक्त, कुठली जात" हा प्रश्न येतोच, चिडू नका, उत्तर द्या. आमच्याकडे मामांनी घराण्याचा विषय काढला तेव्हा माझ्या नवऱ्याने शांतपणे सांगितलं की कोल्हापूरचे शाहू महाराज दत्तक, कागलच्या घाटग्यांकडून १८८४ ला आलेले, आणि बडोद्याचे सयाजीराव तर कवळाण्याच्या शेतकरी घरातून १८७५ ला, मग आपलं घराणं यांच्यापेक्षा मोठं आहे का मामा? मामा हसले आणि चहा मागवला. सगळे मामा इतके सोपे नसतात हे मान्य.

धर्म कुठला हे आडवं येत नाही. बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं, सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केलंय, त्यामुळे मुंब्र्याचं मुस्लिम जोडपं असो की ठाण्यातलं ख्रिश्चन, रांग एकच. होम स्टडीत "तुम्ही देव मानता का" असा विषय निघाला तर खरं काय ते सांगा, नास्तिक असाल तरी सांगा. त्या ताईंना घर कसं चालतं ते कळून घ्यायचं असतं.

पायरी ३: आणायला जाल तेव्हा मावशींशी बोला

मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त सुटते तीही हीच, कारण त्या दिवशी आपण आनंदाने आणि घाबरून अर्धे वेडे झालेले असतो.

संस्थेत मुलाला सांभाळणाऱ्या मावशी असतात. ऑफिसमधल्या मॅडम तुम्हाला चाइल्ड स्टडी रिपोर्ट आणि मेडिकल रिपोर्ट देतील, पण मूल कसं झोपतं हे त्या मावशींनाच माहीत. वेळ मागून घ्या, बाजूला बसा आणि विचारा. काय म्हणून हाक मारता? रात्री किती वाजता उठते? भात कसा लागतो, घट्ट की पातळ? संध्याकाळी काही म्हणता का, शुभं करोति, प्रार्थना, गाणं? आमच्या मावशींनी सांगितलं, हिच्या डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून हळू चोळायची, डोळे मिटते. पहिल्या रात्री पाळण्यात घालून, खांद्यावर घेऊन, फेऱ्या मारून, सगळं करून झालं, रडणं थांबेना, शेवटी कान चोळला आणि दोन मिनिटांत झोपली. अजूनही ताप आला की स्वतःच कानाला हात लावते.

अजून एक करा, तिथली वापरलेली दुपटी किंवा चादर मागून घ्या आणि घरी आणल्यावर लगेच धुऊ नका. आजी ओरडेल, ओरडू दे. मुलाने आयुष्यभर ओळखलेला तेवढा एकच वास आहे, तो एकदम सर्फमध्ये घालायचा नाही.

जाताना मावशींसाठी साडी, ओटी, पेढे, जे तुमच्या घरी रीत असेल ते न्या, संस्थेला विचारून. इथे आभार मानायचे, मोकळेपणाने मानायचे. ज्या बाईने आपल्या मुलीचे रात्री-अपरात्री लंगोट बदलले तिच्या पाया पडायला लाज कसली. परवानगी मिळाली तर एक फोटोही घ्या, पुढे फार उपयोगी पडतो.

मूल दोन-तीन वर्षांचं किंवा मोठं असेल तर नाव एकदम बदलू नका. नवीन ठेवायचंच असेल तर जुनं घरचं लाडाचं नाव म्हणून राहू दे. आणि जे नाव पक्कं करायचं ते लवकर करा, कारण दत्तकाच्या अर्जात आणि मग आदेशात, जन्मदाखल्यात तेच जाणार, नंतर बदलायचं म्हणजे पुन्हा सगळी वरात.

पायरी ४: बारसं, गोत्र, पत्रिका

आदेश यायच्या आधी मूल घरी येतं ते प्री-अ‍ॅडॉप्शन फॉस्टर म्हणून, म्हणजे दत्तकाच्याच वाटेवरचा तात्पुरता ताबा, वर सांगितलेलं फॉस्टर नव्हे. या काळात घरच्या घरी सगळं करा पण हॉल घेऊन दोनशे माणसांचं बारसं आणि फोटो स्टेटसला, हे आदेश हातात आल्यावर. संरक्षणाखालच्या मुलाची ओळख जाहीर करण्यावर बाल न्याय कायद्यात बंदी आहे, आणि तसंही नवीन घरात आलेल्या दहा महिन्यांच्या मुलाला दोनशे अनोळखी माणसं हातात घेऊन नाचवणार म्हणजे काय ते बघा. पहिले काही आठवडे घेणारे हात कमी ठेवा.

गुरुजींना आधी फोनवर सांगून ठेवा. आमच्याकडे सत्यनारायण होता, संकल्पाच्या वेळी गुरुजी गोत्र विचारतात आणि मग मुलीकडे बघून म्हणाले, "हिचं...?" आणि थांबले. एक क्षण सगळ्या खोलीत कोणी काही बोललं नाही, फक्त किचनमध्ये कुकर. सासूबाई मागून म्हणाल्या, "जे आमचं ते तिचं, म्हणा पुढे." गुरुजींनी म्हटलं. शास्त्रातही दत्तक मुलाला घेणाऱ्या वडिलांचंच गोत्र लागतं, त्यामुळे यात गुरुजींना अडचण नसावी, आणि असलीच तर ठाण्यात गुरुजींची कमी नाही.

"दत्तहोम (दत्तक घेतानाचा होम) केला नाही तर दत्तक पक्कं नाही" असं कोणी म्हणालं तर, १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यातच लिहिलंय की दत्तहोम आवश्यक नाही. काराच्या मार्गाने आलात तर प्रश्नच नाही, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश झाला की झालं. मनाला बरं वाटतं म्हणून होम करायचा तर करा.

पत्रिकेचं काय? ज्या मुलाला कोणी तरी कुठे तरी ठेवून गेलं त्याची जन्मवेळ माहीत नसते, कधी कधी जन्मतारीखही डॉक्टरांनी अंदाजाने दिलेली असते. मग आद्याक्षर कसं काढायचं म्हणून लोक अडून बसतात. काही घरांत मूल घरी आलं त्या दिवसाचं नक्षत्र धरतात, काही जण सरळ आवडेल ते नाव ठेवतात. मी दुसऱ्या पार्टीतली. पण पत्रिकेच्या रकान्यात 'माहीत नाही' असं मुलासमोर हळहळत बोलू नका, ते सगळं ऐकत असतं.

कुलदैवताला जायची घाई नाही. पाच तासांचा गाडीचा प्रवास, गर्दी, ढोल, गुलाल, नवीन मुलाला हे सगळं भीतीदायक असतं. मूल रात्री नीट झोपायला लागलं, अनोळखी ठिकाणी तुम्हाला शोधून चिकटायला लागलं की जा. तोपर्यंत देवघरातला टाक आहेच. ओटी भरणं, औक्षण, कानात डूल, हे छोटे छोटे विधी मुलांना खूप आवडतात कारण त्यात सगळं घर त्यांच्याकडे बघत असतं. लहान मुलाला आपण इथले आहोत हे कागदाने कळत नाही, दर शनिवारी आजोबांबरोबर मारुतीला तेल घालायला तोच जातो, याने कळतं.

विधीचा हक्क मात्र अर्धवट देऊ नका. जोतिराव फुले १८९० मध्ये गेले तेव्हा दत्तक मुलगा यशवंत याने अंत्ययात्रेत टिटवं (पुढे धरायचं विस्तवाचं मडकं) धरू नये म्हणून भाऊबंद आडवे आले, आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं. तो काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा, १८७४ मध्ये दत्तक घेतलेला, पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यात रुग्णसेवा करतानाच सावित्रीबाई गेल्या. म्हणजे भाऊबंदांचा हा प्रकार नवा नाही. मुंज, लग्नातलं देवक, गौरी आणणं, आजोबांचं श्राद्ध, जे सख्ख्या नातवंडाला ते यालाही, आणि हे घरातल्या कर्त्या माणसाने एकदा सगळ्यांसमोर बोलून टाकावं.

पायरी ५: 'किती पुण्याचं काम केलंत' याला उत्तर

हे वाक्य तुम्ही पुढची वीस वर्षं ऐकणार आहात. भाजीवाल्या मावशी, बॉस, डॉक्टर, रिक्षावाले. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो म्हणून भांडता येत नाही, आणि गप्प बसलं तर मूल तेच ऐकत मोठं होतं. मुलाच्या कानावर रोज पडतं की मला घेणं हे दान होतं, मग ते एक तर कायम गुणी बाळ बनून राहतं, कधी हट्ट नाही, कधी नाही म्हणणं नाही, किंवा चौदाव्या वर्षी सगळं एकदम बाहेर काढतं. गुणी बाळाची मला जास्त काळजी वाटते.

मी काय म्हणते सांगते. लिफ्टमध्ये असेन तर, "पुण्य कसलं काकू, आम्हाला मूल हवं होतं, मिळालं." एवढंच, हसून. "नशीबवान आहे हो पोर" म्हणालं कोणी की, "नशीबवान आम्ही." मुलगी सोबत असेल तर तिच्याकडे बघून म्हणते, काकूंकडे नाही. जवळचे नातेवाईक असतील तर नंतर फोन करून नीट सांगते की तिच्यासमोर असं बोलू नका, आणि ऐकलं नाही तर जाणं-येणं कमी करते. कठोर वाटेल, पण चालतं.

घरात आपण स्वतः काय बोलतो तेही बघा. रागाच्या भरात "तुझ्यासाठी काय काय केलं" हे सगळेच आईबाप म्हणतात, पण दत्तक मुलाला ते वाक्य दुप्पट जड पडतं. जीभ चावा. "धन्यवाद म्हण" हे लाडू दिला तर शिकवा, घर दिलं म्हणून नको.

आणि तो अनाथाश्रमात वाढदिवस. ठाण्यात ही फार पद्धत आहे, केक घेऊन जायचं, मुलांना रांगेत बसवायचं, फोटो. आपल्या दत्तक मुलाला "बघ, तू इथे असतास" हे दाखवायला नेणं म्हणजे शिक्षाच. द्यायचं असेल तर वर्षाला पैसे, दूध पावडर, डायपर द्या, तुम्ही एकटे जाऊन. मूल स्वतः म्हणालं की मला माझी जागा बघायचीय, तेव्हा त्याच्या वेळेला, संस्थेशी बोलून न्या.

पायरी ६: जन्मदात्या आईला घरात जागा

सांगायचं कधी? पहिल्या दिवसापासून. मूल बोलत नसतं तेव्हा तुम्हाला सराव होतो, अडखळणं, रडणं सगळं तेव्हाच उरकतं. झोपवताना गोष्टीसारखं, "आम्ही खूप वाट बघितली, मग एक दिवस फोन आला, मग आम्ही गाडी काढली, मावशींनी तुला पिवळा फ्रॉक घातला होता..." आमच्याकडे हीच गोष्ट मागितली जाते, आणि फ्रॉकचा रंग चुकला तर चालत नाही.

चार-पाच वर्षांचं मूल विचारतं, मग मी कोणाच्या पोटात होते? तेव्हा त्या बाईबद्दल वाईट बोलू नका आणि खोटी देवीही बनवू नका. जी आई बाल कल्याण समितीपुढे मूल सोपवते तिला कायद्याने ६० दिवस असतात निर्णय बदलायला. ते ६० दिवस तिने कसे काढले असतील ते तुम्ही स्वतःशी विचार करा, मग बोलताना आवाज आपोआप बदलतो. ज्या मुलाला कोणी ठेवून गेलं त्याच्या घरच्यांचा शोध घेतात, दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिने, मोठ्यासाठी चार, मगच ते दत्तकासाठी मोकळं होतं. आपल्याला माहीत असेल तेवढंच सांगायचं, "तिला तुला सांभाळणं जमत नव्हतं, का ते आपल्याला माहीत नाही."

आमच्याकडे वाढदिवसाला निरांजन लावताना मी मनात तिची आठवण काढते. लेकीला त्यात ओढत नाही. मध्यंतरी तिनेच विचारलं, तिच्यासाठी पण लावायचा का, म्हटलं लाव, तर म्हणाली नको, आधी केक. केक आधी झाला.

"देवकीने जन्म दिला, यशोदेने वाढवलं" हे सगळे सांगतात, छान आहे, पण त्याच्यावर फार विसंबू नका, कारण हुशार मूल विचारतं की कृष्ण तर मग मथुरेला गेला ना?

पायरी ७: फॉस्टर असेल तर वेगळं

इथे बारसं नाही, नाव बदलणं नाही, धर्म बदलणं तर नाहीच. आठ वर्षांचा मुलगा त्याच्या घरून काही तरी घेऊन येतो, नमाज असेल, रविवारचं चर्च असेल, बुद्धवंदना असेल, गळ्यातला ताईत असेल. विचारा आणि जागा करून द्या. ईदला त्याला शीरखुर्मा मिळाला पाहिजे, तुमच्या घरी गणपती असला तरी, आणि आरतीला उभं राहायचं की नाही हे त्याने ठरवावं. प्रसाद सगळ्यांना, सक्ती कोणाला नाही.

जन्मदात्यांची भेट ठरली असेल तर त्या दिवशी क्लास, वाढदिवस, काही मध्ये घालू नका. भेटीनंतर मूल चिडतं, अंथरूण ओलं करतं, जेवत नाही, म्हणजे भेट वाईट होती असं लगेच धरू नका, समितीला आणि संरक्षण कक्षाच्या ताईंना कळवा. फोटो कुठेही टाकायचे नाहीत, सोसायटीच्या ग्रुपवरही नाही. आणि "आम्हाला आई म्हण" असं म्हणू नका, काकू म्हणू दे, ताई म्हणू दे, म्हणायचं असेल तेव्हा म्हणेल.

परत जायची वेळ आली तर तुमच्या देवाला जे म्हणायचं ते म्हणा, मुलासमोर कोसळू नका, बॅगेत त्याचे सगळे कपडे आणि एक अल्बम द्या.

पायरी ८: शाळा आणि फाईल

जन्मदाखल्यावर आईवडील म्हणून तुमचंच नाव असतं, त्यामुळे शाळेत सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मी वर्गशिक्षिकेला सांगते कारण फॅमिली ट्री आणि 'माझा बाळपणीचा फोटो' हे प्रोजेक्ट दरवर्षी येतात आणि जन्मल्या दिवसाचा फोटो आमच्याकडे नाहीये. मावशींबरोबरचा फोटो चिकटवला, खाली लिहिलं 'मी आणि मावशी'. टीचरनी मार्क दिले.

मूल घरी आल्यापासून दोन वर्षं दर सहा महिन्यांनी संस्थेच्या ताई घरी येतात. घर चकाचक करून मुलाला नवीन कपडे घालून बसवू नका, झोपत नाही, चावतं, आजीशी पटत नाही, जे असेल ते सांगा, त्यासाठीच त्या येतात आणि गरज पडली तर समुपदेशक सुचवतात.

फाईलमध्ये आदेश, जन्मदाखला, चाइल्ड स्टडी रिपोर्ट, मेडिकल, संस्थेच्या पावत्या, मावशींचा फोटो. मूल मोठं झाल्यावर आपल्या मुळाची माहिती मागू शकतं, नियमात तशी सोय आहे, आणि तेव्हा हीच फाईल निघणार. दोन झेरॉक्स सेट वेगळ्या घरी ठेवा, पावसाळ्यात तळमजल्याला राहत असाल तर तर नक्कीच. आणि आदेश लॅमिनेट करू नका.